लाइट गेली, डिझेल जनरेटर (डीजी) उठला, तरी सर्व्हर रूम तापली: बॅकअप आणि कंट्रोलचं जुळवायचं कसं?

वाळूज_पॅनल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरला पॅनल आणि पीएलसीची (यंत्रं आपोआप चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक कॉम्प्युटरची) कामं करतो. आजवरची बहुतेक कामं कारखान्यांची, पण अलीकडं सर्व्हर रूम आणि छोट्या डेटा सेंटरची कामंही यायला लागलीत. मे महिन्यात अशाच एका साइटवर जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. साइट कुणाची, कुठली हे कृपया विचारू नका.

दहा रॅक, साधारण ३० किलोवॅटचा आयटी लोड. ४० केव्हीएचे दोन यूपीएस, एक पडला तर दुसरा सांभाळेल असे. १६० केव्हीएचा एक डीजी, एएमएफ पॅनल (मेन्स, म्हणजे वीज कंपनीचा सप्लाय गेला की डीजी आपोआप उठवणारं), तीन प्रिसिजन एसी. पीएलसी आणि स्क्रीनचं काम माझं. त्यामुळं जे झालं त्यात माझीही जबाबदारी आहे.

संध्याकाळी पावणेसहाला वळीव आला. वारा, विजा, आणि फीडर (वीज कंपनीची त्या भागाची लाइन) गेला. यूपीएसनं लोड घेतला. तिसऱ्या सेकंदाला एएमएफनं सेल्फ मारला, डीजी पहिल्याच झटक्यात उठला, चौदाव्या सेकंदाला त्याचा ब्रेकर बसला, म्हणजे लोड त्याच्यावर आला. सर्व्हरला कळलंही नाही. इथपर्यंत सगळं जसं व्हायला पाहिजे तसं झालं.

घोळ पुढं झाला. एसी यूपीएसवर नसतात, ते आपल्याला माहीत आहे. पण एसीचे कंट्रोलरही कच्च्या, म्हणजे यूपीएसबाहेरच्या लाइनवर होते. चौदा सेकंद सप्लाय गेला, कंट्रोलर बंद पडून परत उठले, आणि उठल्यावर कॉम्प्रेसरसाठी ३ मिनिटांचा डिले मोजायला लागले. ती ३ मिनिटं पुरी व्हायच्या आत मेन्स आली. एएमएफमधला मेन्स परतीचा टायमर कुणीतरी डिझेल वाचावं म्हणून ३० सेकंदांवर आणून ठेवला होता. लोड मेन्सवर गेला, मेन्स परत पडली, लोड पुन्हा डीजीवर. असं बारा मिनिटांत चार वेळा. प्रत्येक वेळी एक-दोन सेकंदांचा खंड, प्रत्येक वेळी कंट्रोलर रीस्टार्ट, प्रत्येक वेळी ३ मिनिटं पहिल्यापासून. तिसऱ्या एसीचं तर कार्ड बदलताना ऑटो रीस्टार्टचं सेटिंगच उडालं होतं, तो शेवटपर्यंत उठलाच नाही. म्हणजे डीजी चालू, यूपीएस चालू, सर्व्हर चालू, आणि थंडावा शून्य.

आणि स्क्रीनवर काय होतं? २४.१ अंश, हिरवा रंग. एसीचा मॉडबस (यंत्रांनी एकमेकांना आकडे सांगायची भाषा) वाचून स्क्रीनला देणारा गेटवे इलेक्ट्रिकल रूममधल्या साध्या सॉकेटवर लावलेला. पहिल्याच झटक्यात तो अडकला. माझ्या स्क्रीननं शेवटचा आकडा तसाच धरून ठेवला. सव्वासहाला वॉचमननं सहज दार उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ आली, तेव्हा त्यानं फोन केला. तोवर चार सर्व्हर स्वतःहून बंद झाले होते, स्टोरेजच्या दोन डिस्क गेल्या.

वीज नसल्यामुळं नुकसान झालेलं नाही, वीज होती. जोडणी चुकली. तुमच्याकडं बॅकअप आणि कंट्रोल कसं जोडलंय ते सांगा. शेवटी काय बदल केले तेही मी इथंच लिहीन.

जालना_जनसेट

दादा, डीजीनं तुमचं काम चोख केलंय, टायमरनं मारलं तुम्हाला. मेन्स परतीचा टायमर कमीत कमी ५ मिनिटं ठेवा. पाचही मिनिटं व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी सलग बरोबर पाहिजे, मधी एकदा जरी पडलं तर मोजणी पहिल्यापासून. १६० केव्हीएचं मशीन अर्ध्यापेक्षा कमी लोडवर तासाला वीसेक लिटर डिझेल खातंय. पाच मिनिटांचं डिझेल वाचवून दोन डिस्क घालवल्या, काय मिळालं?

दुसरं सांगतो. मी जिथं जिथं सर्व्हिसला जातो तिथं कंट्रोलरवर 'बॅटरी २५.८ व्होल्ट, ओके' दिसतंय, लोक खूश. सेल्फ मारला की तीच बॅटरी १४ वर येती आणि इंजिन गचका खाऊन थांबतं. उभ्या बॅटरीचं व्होल्टेज काहीच सांगत नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज किती खाली गेलं, तो आकडा पीएलसीत घ्या आणि दर टेस्टला लिहून ठेवा. मागच्या महिन्यात १९, या महिन्यात १७.५ असं उतरायला लागलं की बॅटरी बदला, ती बसायची वाट पाहू नका. डीजी वेळेवर उठला नाही की बहुतेक वेळा कारण सेल्फच्या बॅटरीतच सापडतं.

आणि रेडिएटर. आमच्या भागात जिनिंगचा सीझन सुरू झाला की रुई उडून फिन्समध्ये बसती. बाहेरून दिसत नाही. रिकाम्या टेस्टला मशीन गरम होत नाही म्हणून कुणाला कळत नाही. मे महिन्यात खरा लोड पडला की वीस मिनिटांत टेंपरेचरवर ट्रिप. कूलंटचं टेंपरेचर पण लॉग करा, लोडसकट.

नांदेड_नेटवर्क

वाळूज दादा, स्क्रीनवर हिरवा आकडा गोठून राहणं हे मी दोन ठिकाणी पाहिलंय, म्हणून यावरच लिहितो.

गेटवे किंवा पीएलसीमध्ये एक रजिस्टर (आकडा ठेवायची जागा) असं ठेवा की जे दर सेकंदाला एकानं वाढतं. स्क्रीननं फक्त एवढंच पाहायचं: आकडा वाढतोय का? १० सेकंद वाढला नाही तर त्या गेटवेमागचे सगळे आकडे करडे करायचे आणि अलार्म द्यायचा. आकडा चूक असण्यापेक्षा जुना असणं जास्त घातक, कारण जुना आकडा खरा वाटतो.

यूपीएसच्या एसएनएमपी कार्डवर (यूपीएसची स्थिती नेटवर्कवर कळवणाऱ्या) बरेच जण फक्त ट्रॅप, म्हणजे कार्डानं स्वतः पाठवायची सूचना, लावून निवांत होतात. ट्रॅप यूडीपीवरून जातो, पोचला की नाही याची पोच येत नाही. नेमकी लाइट जाते त्या क्षणी स्विच बंद असेल तर ट्रॅप हवेत गेला. म्हणून ट्रॅप असू द्या, पण दर १५-२० सेकंदांनी आपणहून विचारणाही करा. यूपीएससाठीचं सामायिक एमआयबी (कार्डाला कुठले आकडे विचारता येतात त्याची यादी) १९९४ पासून ठरलेलं आहे, आरएफसी १६२८ या इंटरनेट मानकात. बॅटरीची स्थिती, उरलेली मिनिटं, इनपुट व्होल्टेज हे बहुतेक कार्डांवर त्यात मिळतं. कंपनीच्या वेगळ्या सॉफ्टवेअरवाचून अडत नाही.

आणि ज्या स्विचमधून अलार्म जाणार तो स्विच, राउटर, फायबरचा कन्व्हर्टर, हे सगळं यूपीएसवर आहे का ते वायर हातात धरून तपासा. ड्रॉइंगवर विसंबू नका. एका ठिकाणी ड्रॉइंगमध्ये यूपीएस सॉकेट होतं आणि प्रत्यक्षात स्विचचा प्लग खिडकीजवळच्या साध्या बोर्डात होता, कारण केबल तिथपर्यंतच पोचत होती.

मांजराकाठ

मी लातूरकडच्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिकलला आहे. आमच्याकडं कोजन (कारखान्यातच वीजनिर्मिती) आहे, टर्बाइन ट्रिप झालं तर बॉयलरचे पंप जगवायला तीन डीजी. हे सगळं पीएलसीवरून चालतं, सिंक (जनरेटर एकमेकांशी जुळवणं), लोड शेअरिंग, कुठला फीडर आधी, कुठला नंतर. त्यामुळं 'पीएलसीला डीजीपासून लांब ठेवा' असं कुणी म्हणणार असेल तर मला ते पटत नाही. एएमएफचं छोटं डोकं एवढा विचार करू शकत नाही.

तुमच्या साइटवर खरी उणीव लोड क्रमानं न टाकण्याची आहे. डीजीचा ब्रेकर बसला की त्याच क्षणी यूपीएस इनपुट ओढतो, बॅटरी चार्जिंग सुरू करतो, एसीचे पंखे उठतात. तुमचं मशीन मोठं आहे म्हणून निभावलं. मशीन बेताचं असतं तर फ्रीक्वेन्सी खाली गेली असती, यूपीएसनं इनपुट नाकारलं असतं आणि परत बॅटरीवर गेला असता. लोड सुटला की फ्रीक्वेन्सी सुधारते, यूपीएस परत येतो, परत खाली जाते. हा झोका बॅटरी संपेपर्यंत चालतो. आधी यूपीएस, २० सेकंदांनी एसी एक, आणखी २० सेकंदांनी एसी दोन, असं ठेवा. बहुतेक यूपीएसला 'डीजीवर आहे' असा ड्राय कॉन्टॅक्ट (नुसत्या स्विचसारखा, स्वतः व्होल्टेज न देणारा सिग्नल) घ्यायची सोय असते. तो दिला की बॅटरी चार्जिंगचा करंट तो रोखून धरतो. फुकटातली सोय आहे, पण ती वायर ओढलेली मी क्वचितच पाहिली.

वाळूज_पॅनल

मांजराकाठ भाऊ, क्रमाचं शंभर टक्के मान्य. तो कॉन्टॅक्ट आमच्याही साइटवर रिकामाच होता, काल जाऊन पाहिला.

पण पीएलसीबद्दल माझं म्हणणं स्पष्ट मांडतो. लाइट गेल्याचं ओळखणं, डीजी उठवणं आणि ब्रेकर बसवणं, या तीन गोष्टी एएमएफच्या स्वतःच्या वायरिंगवर झाल्या पाहिजेत. पीएलसी मेला, नेटवर्क गेलं, स्क्रीन फुटली, तरीही. पीएलसीनं त्यानंतरचं काम करावं: लोडचा क्रम, नोंदी, अलार्म, सर्व्हर नीट बंद करणं. तुमच्याकडं कारखान्यात तिन्ही पाळ्यांत माणूस उभा असतो, पीएलसी अडकला तर तो हातानं ब्रेकर मारतो. या सर्व्हर रूममध्ये रात्री वॉचमनशिवाय कुणी नसतं. फरक तिथं पडतो.

मांजराकाठ

हा मुद्दा घेतला. आम्हीही एक गोष्ट करतो ती सांगतो, दोन्हींच्या मधला रस्ता आहे. पीएलसीचं एक आउटपुट सतत टिकटिक करतं, सेकंदाला एकदा. ते एका वॉचडॉग रिलेला जातं. टिकटिक थांबली की रिले सुटतो आणि पॅनल आपोआप स्थानिक ऑटोवर जातं, तिन्ही डीजी आपापल्या कंट्रोलरवर उठू शकतात. सिंक होणार नाही, पण अंधार होणार नाही.

निवृत्त_३३केव्ही

धागा वाचून राहवलं नाही. वीज कंपनीत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी सबस्टेशनवर.

वळवाच्या पावसात मेन्स अशी ये-जा का करते ते समजून घ्या. फांदी तारेला टेकते किंवा इन्सुलेटर फुटतो, फीडर ट्रिप होतो. ऑपरेटर थोडं थांबून चार्ज करून पाहतो. दोष तिथंच असेल तर परत ट्रिप. मग कुठला भाग वेगळा करायचा ते शोधत पुन्हा चार्ज. तुमच्या मीटरला दिसणारी ती 'आलेली' लाइट म्हणजे सप्लाय सुरळीत झाला असं नाही. त्यामुळं जालनेकरांचा ५ मिनिटांचा सल्ला अगदी योग्य, मी तर वळवाच्या दिवसांत १० म्हणेन.

आता दोन गोष्टी, ज्या इथं अजून आल्या नाहीत. पहिली, फेज सिक्वेन्स, म्हणजे तीन फेजचा क्रम. अल्टरनेटरचं काम झालं, केबल परत लावताना दोन फेज उलटसुलट झाल्या. दिवे लागतात, व्होल्टमीटर ४१५ दाखवतो, सगळं ठीक वाटतं. पण एसीच्या स्क्रोल कॉम्प्रेसरला उलटी दिशा चालत नाही. फेज रिले असेल तर तो उठू देत नाही, नसेल तर कॉम्प्रेसर खडखडत मरतो. यूपीएसही बायपास नाकारतो. कंट्रोलरवर 'डीजी हेल्दी' आणि खोली गरम! डीजी बाजूला सिक्वेन्स रिले बसवा आणि त्याचा कॉन्टॅक्ट पीएलसीला द्या.

दुसरी, कपॅसिटर बँक. केव्हीएएच बिलिंगमुळं (पॉवर फॅक्टर खराब असला की बिल वाढतं) सगळ्यांनी एपीएफसी पॅनल, म्हणजे कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं पॅनल, बसवलेत, चांगलंच आहे. पण डीजीवर गेल्यावर ते तसंच जोडलेलं राहिलं आणि लोड कमी असला तर पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, अल्टरनेटरचं व्होल्टेज चढतं आणि एव्हीआरच्या (अल्टरनेटरचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या कार्डाच्या) हाताबाहेर जातं. मग ओव्हरव्होल्टेजवर डीजी ट्रिप. डीजीचा ब्रेकर बसला की एपीएफसी बाहेर, हे इंटरलॉक साध्या सहायक कॉन्टॅक्टवर होतं.

परभणी_अंतर्गत

मी एका संस्थेत सर्व्हर रूम सांभाळते. इतक्या चर्चेत यूपीएसच्या बॅटरीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितेय.

आमच्याकडं यूपीएसच्या स्क्रीनवर '४५ मिनिटं' दिसायची. एका रविवारी खरा लोड टाकून मेन्स बंद केली आणि मोबाइलवर घड्याळ लावून बसले. अकराव्या मिनिटाला लो बॅटरी. तो ४५ चा आकडा यूपीएसनं हिशोबानं काढलेला, नवीन बॅटरी धरून. व्हीआरएलए (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटरी २५ अंशांसाठी बनवलेली असते. ढोबळ नियम असा की दर ८ ते १० अंश वाढीला आयुष्य निम्मं. परभणीचा मे महिना आणि पत्र्याची बॅटरी रूम, हिशोब तुम्हीच करा. पाच वर्षांच्या म्हणून घेतलेल्या आमच्या बॅटऱ्या दोन वर्षांत खचल्या.

मग मी खोलीतला सेन्सर काढून बॅटरीच्या मधल्या ओळीत, दोन ब्लॉकच्या फटीत लावला. खोली ३१ दाखवत होती, फटीत ३७. तापमानानुसार चार्जिंग व्होल्टेज कमी करायची सोय यूपीएसमध्ये असते, पण तिला प्रोब जोडावा लागतो. आमचा प्रोब खोक्यातून काढलेलाच नव्हता. शिवाय प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज वेगळं पाहा. अख्ख्या स्ट्रिंगची बेरीज बरोबर येते आणि आत एक ब्लॉक मेलेला असतो.

लिथियमकडं वळणाऱ्यांनी तर नियंत्रणाकडं आणखी लक्ष द्यावं. दक्षिण कोरियात १५ ऑक्टोबर २०२२ ला पांग्योच्या डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीपासूनच आग लागली आणि काकाओ या कंपनीची मेसेज सेवा देशभर बंद पडली. बॅटरीचा बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) आणि इमारतीचा बीएमएस (बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम) यांचं नाव एकच असल्यानं आमच्या कंत्राटदारानं एकाचे पॉइंट दुसऱ्याच्या यादीत लिहिले होते. कागदावर पूर्ण नाव लिहायला लावा.

हिंगोली_दोन_रॅक

सगळ्यांना नमस्कार. इथं मोठ्या गोष्टी चालल्यात, माझ्याकडं एका दवाखान्यात फक्त दोन रॅक, ६ केव्हीएचा यूपीएस आणि हातानं चेंजओव्हर करायचा २५ केव्हीएचा डीजी आहे. पीएलसी घ्यायला पैसे नाहीत. मी काय करू शकतो?

नांदेड_नेटवर्क

हिंगोली भाऊ, तुमच्यासाठी 'नट' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, नेटवर्क यूपीएस टूल्स. एका छोट्या लिनक्स मशीनला यूपीएसची यूएसबी केबल लावा, बाकी सर्व्हर त्याचं ऐकतात. यूपीएस बॅटरीवर आणि बॅटरी लो, अशा दोन्ही खुणा आल्या की सर्व्हर क्रमानं बंद होतात. क्रम तुम्ही ठरवायचा: आधी ॲप्लिकेशन, मग डेटाबेस, सगळ्यात शेवटी स्टोरेज. परभणीच्या ताईंसारखी खरी टेस्ट घ्या आणि बंद व्हायला किती मिनिटं लागतात ते मोजा. तेवढ्या मिनिटांची दुप्पट बॅटरी शिल्लक असतानाच शटडाउन सुरू झालं पाहिजे.

जालना_जनसेट

आणि हिंगोलीच्या भावानं डीजी हप्त्यातून एकदा तरी खऱ्या लोडवर चालवावा. नुसता रिकामा फिरवू नका. ३० टक्क्यांच्या खाली सतत चालवलं की न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साचतं, काळं तेल गळतं. टाकीच्या तळाचं पाणीही काढत जा.

वाळूज_पॅनल

सुरक्षेबद्दल माझ्याकडून थोडं, कारण जोडणी करायच्या उत्साहात हे राहून जातं. मॉडबस १९७९ चा आहे. त्यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. त्या नेटवर्कवर पोचलेला कुणीही ५०२ पोर्टवर जाऊन रजिस्टर लिहू शकतो. डीजीच्या कंट्रोलरमध्ये 'स्टॉप' हेही एक रजिस्टरच असतं. २००७ मध्ये अमेरिकेत आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीनं प्रयोग करून दाखवलं होतं, फक्त ब्रेकर चुकीच्या क्षणी उघड-बंद करून मोठा डिझेल जनरेटर मोडला. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्याच सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं इंटरनेटला जोडलेल्या यूपीएसबद्दल इशारा दिला, त्यातलं मुख्य कारण कंपनीचा मूळ पासवर्ड न बदलणं हेच होतं. त्यामुळं पॉवरचं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचमधल्या स्वतंत्र नेटवर्कवर), गेटवे फक्त वाचण्यापुरता, आणि ऑफिसच्या वायफायवरून तिथं वाट नाही.

आणखी एक, नव्या पोरांसाठी. मॅन्युअलमध्ये रजिस्टर ४०१०१ लिहिलेलं असतं, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते १०० म्हणून टाकावं लागतं. एकानं चुकलं की शेजारचा आकडा वाचला जातो. तो आकडाही व्होल्टेजचाच असतो, म्हणून शंका येत नाही. प्रत्येक पॉइंट मल्टिमीटर लावून जुळवा.

वाळूज_पॅनल

मंडळी, काम झालं. गेल्या रविवारी पहाटे सहाला टेस्ट घेतली. एएमएफचं टेस्ट बटण दाबलं नाही, मेन इनकमरच (मेन्स आत घेणारा मुख्य ब्रेकर) हातानं पाडला, पूर्ण लोडवर.

बदल असे: गेटवे, स्विच आणि तिन्ही एसीचे कंट्रोलर यूपीएसवर घेतले. पंखे आणि कॉम्प्रेसर होते तिथंच. मेन्स परतीचा टायमर ५ मिनिटं. 'डीजीवर आहे' कॉन्टॅक्ट जोडला. एसी २०-२० सेकंदांच्या अंतरानं. तिसऱ्या एसीचं ऑटो रीस्टार्ट परत चालू केलं आणि ते सेटिंग वाचून पीएलसीत आणलं, परत कार्ड बदललं आणि ते उडालं तर अलार्म येईल. सगळे ड्राय कॉन्टॅक्ट उलटे केले, म्हणजे ठीक असताना जुळलेले, बिघाड झाला की उघडे. वायर तुटली तरी अलार्म.

तेराव्या सेकंदाला ब्रेकर बसला. सेल्फ मारताना बॅटरी १८.९ पर्यंत गेली, लिहून ठेवलंय. कंट्रोलर जागे राहिल्यामुळं ३ मिनिटांची मोजणी एकदाच झाली आणि पहिला कॉम्प्रेसर तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी उठला. खोली जास्तीत जास्त २७.८ ला गेली आणि उतरायला लागली. मग इनकमर चार वेळा चालू-बंद केला, मे महिन्यासारखाच. लोड डीजीवरून हलला नाही.

नंतर गेटवेची केबल उपटली. मी स्क्रीनसमोर उभा होतो. नवव्या सेकंदापर्यंत तोच हिरवा आकडा, दहाव्याला करडा झाला आणि हूटर वाजला.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. तीन जणांच्या फोनवर एसएमएस जायला हवा होता, दोघांना लगेच गेला, तिसऱ्याला बावीस मिनिटांनी. वादळात गावाकडच्या टॉवरचीच बॅटरी उतरते, तेव्हा हे आणखी लांबेल. दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून मॉडेम मागवलाय. काकांनी सांगितलेला फेज सिक्वेन्स रिलेही त्याच पार्सलमध्ये येतोय. दोन्ही लागले की पुढच्या रविवारी परत इनकमर पाडतो. संभाजीनगरात असाल आणि पाहायला यायचं असेल तर निरोप टाका, पहाटे साडेपाचला वाळूजच्या चौकातून सोबत निघू.